घरचे वायफाय : पैसे मोठ्या प्लॅनचे, चाल जुन्याच बँडची

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नांदेडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ड्रेस मटेरिअलचे शेड पाहण्यासाठी रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल लावला. कल्याणचे दुकान बंद झाले होते, म्हणून भिवंडीहून आलेला माल आम्ही मुंब्र्याला घरीच ठेवून घेतला होता. पलंगावर तागे पसरले, ट्यूबलाईट लावली आणि एकेक शेड दाखवू लागलो. तिसऱ्या ताग्यापाशी चित्र थिजले. आवाज येत होता, पण कापडाचे नुसते चौकोन दिसत होते. राणी रंग त्यांना मरून वाटला आणि रामा रंग साधा निळा. "सेठ, उद्या बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सुरतेहून माल उचलला. चाळीस ताग्यांचा सौदा हातचा गेला.

इंटरनेट कमी पडते, असा आम्ही अर्थ काढला. कनेक्शनवाल्याला बोलावले. त्याने डब्याचे दिवे पाहिले आणि १०० ऐवजी २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, असे सांगितले. महिन्याला ३०० रुपये जास्त, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४, म्हणजे ३५४. घरचे कनेक्शन स्वतःच्या नावावर, त्यामुळे त्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. असे आठ महिने भरले. एकूण २,८३२ रुपये. चित्र थिजायचे ते थिजतच राहिले.

ईदला शेजाऱ्यांचा मुलगा भेटायला आला. तो ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नेटवर्कच्या कामावर आहे. शीरखुर्मा खाता खाता त्याने आमचा फोन हातात घेतला, वायफायच्या सेटिंगमध्ये गेला आणि म्हणाला, "चाचा, तुमचे इंटरनेट उत्तम आहे. तुमचा फोन चुकीच्या बँडवर बसलाय." पुढचा दीड तास त्याने आम्हाला जे समजावले आणि नंतर आम्ही स्वतः घरी, दुकानात व मेहुण्यांच्या डोंबिवलीच्या घरी करून पाहिले, ते येथे मांडत आहोत. ठाणे-कल्याण पट्ट्यातील आमच्यासारख्या अनेक व्यापारी बांधवांचा अर्धा धंदा आता घरच्या वायफायवर चालतो. ई-वे बिल, जीएसटीचे रिटर्न, गिऱ्हाइकांना पाठवायचे व्हिडिओ, मुलांचे क्लास, सारे त्याच एका डब्यातून. तेव्हा या डब्यात काय आहे, ते माहीत असलेले बरे.

डबा एक, बँड दोन

आजकाल कनेक्शनसोबत जो राऊटर मिळतो, तो बहुधा ड्युअल बँड असतो. त्याच्या एकाच डब्यात दोन स्वतंत्र रेडिओ असतात. एक २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, दुसरा ५ गिगाहर्ट्झवर. पहिल्याची लहर सुमारे पाच इंच लांबीची, दुसऱ्याची साधारण सव्वादोन इंचाची. दोन्ही बँड वापरण्यास परवाना लागत नाही. भारतात २.४ चा बँड जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. ५ च्या बँडमध्ये आधी थोडीच जागा खुली होती. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ती एकूण ६०५ मेगाहर्ट्झ झाली. २.४ च्या बँडची सारी जागा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ आहे. हे दोन आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत, पुढचा सगळा हिशेब त्यांवर आहे.

कापडवाल्याला हे पन्ह्याच्या भाषेत लवकर कळते. कापडाची लांबी कितीही असो, पन्हा अरुंद असेल तर त्यातून मोठा पोशाख निघत नाही. २.४ मध्ये एका चॅनेलचा पन्हा साधारण २० मेगाहर्ट्झ धरतात. भारतात या बँडमध्ये १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असल्याने एकावर एक चढतात. एकमेकांना न घासता चालतील असे तीनच : १, ६ आणि ११. बाकीचे दहा कागदावर आहेत, उपयोगात ते शेजारच्या चॅनेलची जागा खातात. ५ च्या बँडमध्ये मात्र ८० मेगाहर्ट्झचा पन्हा सहज मिळतो आणि तोही शेजाऱ्यांशी भांडण न करता.

आता मुंब्रा-कौसा किंवा कल्याणच्या दूधनाक्याकडची इमारत डोळ्यांसमोर आणावी. एका मजल्यावर चार-पाच बिऱ्हाडे, समोरच्या इमारतीची खिडकी हात लांबवला की लागावी इतकी जवळ. आमच्या दिवाणखान्यात उभे राहून फोनवर पाहिले तेव्हा एकतीस वायफायची नावे दिसली. त्यांतली बहुतेक २.४ वर, म्हणजे तीन चॅनेलवर एकतीस बिऱ्हाडे. त्यात ब्लूटूथही याच बँडमध्ये. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्याच्या दारातून जी अगदी किंचित लहर बाहेर येते ती माणसाला अपाय करीत नाही, पण वायफायच्या कानात गोंगाट करते. आमच्या सुनेने सालन गरम करायला ठेवले की आमचा व्हिडिओ अडकायचा, हे कोडे आम्हाला त्या दिवशी उलगडले.

दुसरी गोष्ट अशी की वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दुकानात मोजायला एकच माणूस असेल आणि समोरचे गिऱ्हाईक अर्धा तास एकाच ताग्यात अडकले असेल, तर मागचे दहा जण तिष्ठत राहतात. जुना, मंद फोन तेवढाच मजकूर उतरवायला हवेचा जास्त वेळ घेतो. त्यामुळे शेजारच्या घरातील एक जुनी यंत्रणासुद्धा आपला वेळ खाते, आपला पासवर्ड तिच्याजवळ नसला तरी.

आकड्यांचा खेळ

येथे आमचा मुख्य मुद्दा आहे, आणि व्यापाऱ्याने तो नीट समजून घ्यावा. दोन अँटेनांचा साधा फोन २.४ वर २० मेगाहर्ट्झच्या पन्ह्यात, वायफाय ४ च्या पद्धतीने, जास्तीत जास्त १४४ एमबीपीएसने राऊटरशी जोडला जातो. हा जोडणीचा वेग आहे, हाती पडणारा नव्हे. मध्ये विचारपूस, पोचपावत्या, वाट पाहणे यांत साधारण निम्मा जातो. राहिले सत्तर. त्यात एकतीस बिऱ्हाडांची वाटणी. रात्री साडेनऊला आमच्या हाती २० पडायचे, कधी १२. तोच फोन ५ वर, ८० मेगाहर्ट्झच्या पन्ह्यात, वायफाय ५ च्या पद्धतीने ८६६ एमबीपीएसपर्यंत जोडला जातो. निम्मा गेला तरी चारशे उरतात.

म्हणजे आमच्या घरी इंटरनेट १०० चे होते तेव्हाही फोनपर्यंत २० पोचत होते आणि २०० चे केले तेव्हाही २०च पोचत होते. वखारीत माल दुप्पट भरला, पण दार तेवढेच अरुंद ठेवले. दार रुंद करायचे होते आणि ते फुकटात होत होते.

डब्यावर छापलेल्या आकड्याविषयीही एक शब्द. 'एसी १२००' असे लिहिलेला राऊटर पाहून बरेच जण १,२०० एमबीपीएस मिळतील असे समजतात. ती बेरीज असते : २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७, मिळून ११६७, गोळाबेरीज १२००. फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या पदरात कधीच पडत नाही. दोन तागे शेजारी ठेवून त्यांचा पन्हा एकत्र सांगणाऱ्या दुकानदाराला आपण बाजारात उभे करणार नाही, येथे मात्र तो डब्यावरच छापलेला असतो. शिवाय २.४ वरचे ते ३०० मिळतात ४० मेगाहर्ट्झचा पन्हा लावल्यावर, आणि ज्या बँडमध्ये मुळात तीनच चॅनेल बसतात तेथे ४० लावणे म्हणजे दोन दुकानांच्या गाळ्यात आपले ठेले पसरणे. दाट वस्तीत २.४ वर २० च ठेवावेत. शेजाऱ्याचेही भले, आपलेही.

मग २.४ ठेवायचाच कशाला?

कारण ५ ची लहर लांब जात नाही. मोकळ्या जागेतही तेवढ्याच अंतरावर ५ ची फोनपर्यंत पोचणारी ताकद २.४ च्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी असते, आणि भिंत आली की फरक आणखी वाढतो. धीमी लोकल कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, ठाकुर्ली सगळीकडे थांबते, जलद लोकल मोठी स्थानके तेवढी घेते. ज्याला ठाकुर्लीला उतरायचे आहे त्याने जलद गाडी पकडून उपयोग नाही, आणि ज्याला थेट कल्याण गाठायचे आहे त्याने धीमीत बसून वेळ का घालवावा?

भिंत कोणत्या बांधणीची, यावर येथे सर्व अवलंबून आहे, आणि आपल्या भागात तीन-चार तऱ्हेची घरे शेजारी शेजारी आहेत. कल्याणच्या जुन्या भागातील लाकडी वाडे व मंगलोरी कौलांच्या चाळी यांतून ५ ची लहरही खुशाल जाते. मुंब्र्यातील आमच्यासारख्या इमारतींत खांब-तुळया काँक्रीटच्या आणि आतल्या भिंती साडेचार इंची विटांच्या. तेथे एक भिंत ५ ला चालते, दुसरी भिंत आली की ती थकते. घोडबंदर रस्त्यावरचे व डोंबिवलीच्या बाहेरचे नवे टॉवर मात्र वेगळे. त्यांतले अनेक ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतून बांधलेले असतात, ज्याला बांधकामवाले मायवन म्हणतात. त्यात आतल्या भिंतीसुद्धा सळईच्या काँक्रीटच्या असतात. मेहुण्यांचे डोंबिवलीचे घर असे आहे. दिवाणखान्यात ५ वर ३०० च्या वर वेग आणि मधले दार ओढून आतल्या खोलीत गेले की ५ चे नाव दिसते पण पान उघडत नाही. घर आमच्यापेक्षा नवे, राऊटर आमच्यापेक्षा महाग, आणि तक्रार आमच्यापेक्षा मोठी.

भिंतीखेरीज घरातले सामानही आडवे येते. आरसा लावलेले लोखंडी कपाट, पोटमाळ्यावरची पाण्याची टाकी, मासे पाळलेली काचपेटी, टीव्हीची पाठ. लोखंड व आरशाचा मुलामा लहर परतवतात, पाणी ती पिऊन टाकते. आमच्या कल्याणच्या दुकानात राऊटर गल्ल्यावर आणि पोटमाळ्यावर मालाचे लोखंडी रॅक. रॅक भरलेले असले की वर बसून बिल बनवणाऱ्या पोराची ओरड असते, सीझन संपून माल हलला की ओरड बंद. सुती कापडात साधारण साडेआठ टक्के ओलावा धरलेला असतो, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही, हे प्रत्येक सूतवाल्याला ठाऊक आहे. रॅकच्या लोखंडाचा दोष मोठा, पण सुती थप्पीतील या पाण्याचाही थोडा हात असावा, असा आमचा कयास आहे.

यावरून राऊटर कोठे ठेवावा ते ओघाने आले. फायबरवाला वायर दारातून आत आणतो आणि चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे डबा टांगून निघून जातो, कारण त्याला तेवढीच वायर लागते. त्याला थांबवावे. घराच्या मधोमध, सर्व खोल्यांची दारे जेथे उघडतात त्या पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर, उघड्या जागी डबा असावा. फायबरची वायर दहा-पंधरा फूट जास्त गेली तर वेगात फरक पडत नाही. फक्त ती कोपऱ्यात काटकोनात मोडू नये, आत काच आहे. आम्ही एवढ्याच एका बदलाने आतल्या खोलीत ५ ची लहर आणली. खर्च सव्वाशे रुपयांची वायर आणि चहा.

बँड कोण निवडतो

लोकांचा समज असा की राऊटर फोनला योग्य बँडवर बसवतो. तसे नाही. शेवटचा निर्णय फोनचा असतो. राऊटर दोन्ही बँडवर आपले नाव पुकारतो, फोन ते ऐकतो आणि स्वतःच्या अकलेने एक पकडतो. पुष्कळ फोन, विशेषतः जुने, जो आवाज मोठा ऐकू येतो त्याच्याकडे जातात. मोठा आवाज नेहमी २.४ चा, कारण ती लहर लांब पोचते. गर्दी किती आहे हे आवाजावरून कळत नाही. आणि एकदा बसलेला फोन सहजासहजी उठत नाही. आतल्या खोलीत २.४ पकडलेला फोन घेऊन तुम्ही राऊटरजवळ येऊन बसलात, तरी तो तेथेच चिकटून राहतो.

वीज जाऊन आली की हाच प्रकार घरभर होतो, आणि आमच्या भागातल्या वाचकांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. राऊटर सुरू होताना २.४ चा रेडिओ बहुधा आधी जागा होतो. ५ चा मागून येतो, कारण त्यातील काही चॅनेल हवामानाच्या व इतर रडारनाही लागतात आणि अशा चॅनेलवर बसण्यापूर्वी राऊटर मिनिटभर कान देऊन रडार नसल्याची खात्री करतो. तोवर घरातील सारे फोन २.४ वर बसून मोकळे होतात आणि दिवसभर तेथेच राहतात. "काल छान चालत होते, आज काय झाले," याचे उत्तर अनेकदा एवढेच असते. फोनचे वायफाय एकदा बंद करून चालू करावे, तो ५ वर येतो. राऊटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर ही कटकटच उरत नाही.

नव्या राऊटरमध्ये फोनला ५ कडे वळवण्याची सोय असते. तिला बँड स्टिअरिंग म्हणतात, काही कंपन्या स्मार्ट कनेक्ट म्हणतात. दोन्ही बँडना एकच नाव दिले जाते. फोनने २.४ वर हाक मारली की राऊटर मुद्दाम उत्तर द्यायला उशीर करतो, म्हणजे फोन कंटाळून ५ वर हाक मारतो. सुधारलेल्या राऊटरमध्ये जोडलेल्या फोनला 'तू पलीकडे जा' असा निरोप पाठवण्याचीही सोय आहे. निरोप मानायचा की नाही, हे मात्र फोनच ठरवतो. चांगल्या राऊटरवर हे उत्तम चालते, कनेक्शनसोबत फुकट आलेल्या डब्यावर कधी चालते कधी नाही. आमच्या डब्यावर ते चालू होते आणि तरी फोन २.४ वरच बसत होता.

एक नाव की दोन नावे

यावर जाणकारांत मतभेद आहेत. आमचे मत घराच्या आकारावर आहे.

एक खोली-स्वयंपाकघर किंवा छोटा वन बीएचके असेल, ५ ची लहर सर्व घरात पोचत असेल, तर नावे वेगळी करावीत. राऊटरच्या सेटिंगमध्ये स्मार्ट कनेक्ट बंद केले की दोन नावांचे दोन रकाने उघडतात. ५ च्या नावापुढे ५ लिहावे. फोन, लॅपटॉप, टीव्ही ५ वर जोडावेत आणि २.४ चे नाव त्या फोनमधून विसरायला लावावे. 'विसरा' हे बटण दाबणे येथे अत्यंत गरजेचे आहे. दोन्ही नावे फोनमध्ये राहिली तर तो एक नाव जीव जाईपर्यंत धरून बसतो आणि आपण पुन्हा जेथे होतो तेथे.

घर मोठे, काँक्रीटच्या भिंतींचे आणि आतल्या खोलीत ५ पोचत नसेल, तर वेगळ्या नावांनी त्रासच होतो. खोली बदलली की हाताने नाव बदलावे लागते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते कोण शिकवणार? तेथे नाव एकच ठेवावे आणि २.४ ची ताकद कमी करावी. सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर नावाची ओळ असते, तिच्यात हाय, मीडियम, लो असे पर्याय असतात. २.४ मीडियम किंवा लो, ५ हाय. आवाजाच्या मोहाने जाणारा फोन मग जवळच्या खोल्यांत ५ कडे येतो आणि आतल्या खोलीत आपसूक २.४ वर उतरतो. मेहुण्यांकडे आम्ही हेच केले. फार सुधारणा झाली, पूर्ण नाही. शेवटी त्यांनी आतल्या खोलीपर्यंत कॅट ६ ची वायर ओढून तेथे दुसरा छोटा डबा बसवला, त्याला तेच नाव, तोच पासवर्ड. त्यानंतर तक्रार नाही.

वायरऐवजी स्वस्त रिपीटर घेण्याचा मोह होतो. एकाच बँडचा रिपीटर ऐकतोही त्याच रेडिओने आणि पुढे सांगतोही त्याच रेडिओने, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. पैसे घालायचेच तर वायर ओढण्यात घालावेत.

काही यंत्रांना ५ चा बँड मुळीच कळत नाही. घरचे अनेक वायफाय कॅमेरे, स्मार्ट बल्ब, प्रिंटर, जुने मोबाईल फक्त २.४ वरचे असतात. म्हणून तो बँड बंद करून टाकू नये. आमच्या एका व्यापारी मित्राने उत्साहाच्या भरात बंद केला आणि भिवंडीच्या गोदामावरचा कॅमेरा दोन दिवस आंधळा राहिला. असा कॅमेरा पहिल्यांदा जोडताना फोन ५ वर असला तर जोडणी अनेकदा अडते. तेवढ्यापुरता ५ बंद करावा, कॅमेरा जोडून झाला की पुन्हा चालू करावा. प्रिंटर २.४ वर आणि फोन ५ वर असले तरी छपाई होते, कारण दोघेही एकाच राऊटरच्या घरातले. पाहुण्यांसाठीचे गेस्ट नेटवर्क मात्र वेगळे पडते, त्यावर बसलेल्या फोनला घरचा प्रिंटर दिसत नाही. शेजारच्या मुलांना पासवर्ड द्यायचाच असेल तर तो गेस्टचाच द्यावा, आपल्या दुकानाचे हिशेब ज्या नेटवर्कवर आहेत त्याचा नव्हे.

स्वतः कसे तपासावे

अँड्रॉइड फोनमध्ये वायफायच्या जोडलेल्या नावावर बोट ठेवले की तपशील उघडतो. त्यात फ्रीक्वेन्सी या शब्दापुढे २.४ किंवा ५ लिहिलेले असते आणि लिंक स्पीडपुढे जोडणीचा वेग. वायफाय मोजणारी मोफत ॲपे ताकद डीबीएममध्ये दाखवतात. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ सुखाने चालतो, उणे ७५ च्या खाली ५ चा हट्ट सोडावा. दर दहाने ताकद दहापट घटते, हे लक्षात ठेवावे. उणे ५० आणि उणे ७० यांत वीसचा नव्हे, शंभर पटींचा फरक आहे.

राऊटरच्या सेटिंगमध्ये जाण्यासाठी ब्राऊझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता टाकावा, अंक अर्थातच इंग्रजी. नाव व पासवर्ड डब्याच्या तळाशी चिकटवलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. आतला सर्व मजकूर इंग्रजीत असतो आणि आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्याला तो पाहून धडकी भरते. आम्ही मुलाकडून वाचून घेतला आणि कामाचे शब्द वहीत लिहून ठेवले : वायरलेस, बँड, चॅनेल, चॅनेल विड्थ, ट्रान्समिट पॉवर, एसएसआयडी. एसएसआयडी म्हणजे नेटवर्कचे नाव. एवढ्या सहा शब्दांत सारे काम होते. काहीही बदलण्यापूर्वी पडद्याचा फोटो काढून ठेवावा, चुकल्यास परतता येते. २.४ वर १, ६, ११ पैकी ज्यावर शेजारी कमी तो चॅनेल घ्यावा, विड्थ २०. ५ वर विड्थ ८०, आणि मध्येच मिनिटभर ५ चे नाव गायब होत असेल तर चॅनेल रडारच्या वाट्याचा आहे असे समजून ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला घ्यावा.

आणि मोठा प्लॅन घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान, जेव्हा सगळी इमारत नेटवर असते, तेव्हा लॅपटॉप वायरने राऊटरला जोडून वेग मोजावा. लॅपटॉपला वायरचे भोक नसेल तर राऊटरपासून दोन हातांवर उभे राहून फोन ५ वर ठेवून मोजावा. मग त्याच वेळी नेहमीच्या जागी बसून मोजावा. राऊटरपाशीच प्लॅनचा वेग मिळत नसेल तर दोष बाहेरचा, कनेक्शनवाल्याला आकडे दाखवून जाब विचारावा. राऊटरपाशी पूर्ण मिळतो आणि पलंगावर मिळत नाही, तर दोष घरातला. मोठ्या प्लॅनने तो जाणार नाही. आम्ही वहीत लिहिलेले आकडे असे : वायरने १९१, दिवाणखान्यात ५ वर १८४, त्याच जागी २.४ वर १९. हे तीन आकडे आठ महिने आधी लिहिले असते तर ३५४ रुपयांचा हप्ता सुरूच झाला नसता.

सहा गिगाहर्ट्झच्या तिसऱ्या बँडची चर्चाही वाचकांनी ऐकली असेल. त्याचा एक भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याची लहर ५ पेक्षाही भिंतीला लवकर हार मानते. आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी त्या नावाखाली महाग डबा घेण्याची घाई आम्ही तरी करणार नाही.

आम्ही प्लॅन पुन्हा १०० वर आणला. कनेक्शनवाला म्हणाला, "चाचा, लोक वाढवतात, तुम्ही कमी करताय." आम्ही त्याला वही दाखवली. त्याने तिचा फोटो काढून घेतला. नांदेडच्या गिऱ्हाइकाला आम्ही त्याच पलंगावरून, त्याच वेळी, पुन्हा फोन लावला. राणी रंग राणीच दिसला, पण सीझनची खरेदी त्यांची झाली होती. लग्नसराईच्या आधी त्यांनी नमुने मागवले आहेत.